कृत्रिम पडदा रेणू ओळखतो म्हणजे नक्की काय करतो? चाळणीच ना ती?

तुम्ही विचारलंय की मेंब्रेन, म्हणजे हा कृत्रिम पडदा, शेवटी बारीक भोकांची चाळणीच, मग ओळखतो कशाला म्हणायचं. मलापण आधी तसंच वाटायचं. आमच्याकडे मालवणात जाळ्याचा आस, म्हणजे भोक, मोठा असला की बारकी मासळी निसटते नि मोठी अडकते, सरळ हिशोब. पण बाबांना किडनीचा त्रास सुरू झाला, शहाळ्यात पोटॅशियम जास्त म्हणून दारात माड असून शहाळं बंद झालं, पोटॅशियम हा घरातला रोजचा शब्द झाला, आणि रक्तातलं पोटॅशियम मोजतात कसं हे मी शोधून शोधून वाचलं.

रक्तात लिटरमागे सोडियम 140 मिलिमोलच्या आसपास, पोटॅशियम जेमतेम 3.5 ते 5. दोन्ही आयन, म्हणजे चार्ज असलेले अणू, आणि चार्ज दोघांवर सारखाच. आणि मोठा आयन पोटॅशियमचा, त्रिज्या 1.38 अँगस्ट्रॉम, सोडियमची 1.02. म्हणजे चाळणी लावली तर सोडियम आधी पार व्हायला हवा, पण पोटॅशियम मोजणाऱ्या मशीनमधला पडदा एवढ्या गर्दीतून नेमकं पोटॅशियम उचलतो!

पडदा असतो पीव्हीसी या प्लास्टिकचा, प्लास्टिसायझर घालून मऊ आणि तेलकट केलेला, त्यामुळे आयन आपणहून आत शिरत नाहीत. त्यात व्हॅलिनोमायसिन मिसळतात, हा स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या बॅक्टेरियांनी बनवलेला कड्यासारखा रेणू. आता खरी गोष्ट ही की पाण्यातला आयन कधी उघडा नसतो, त्याला पाण्याचे रेणू चिकटलेले असतात, आणि पडद्यात जायचं तर ते सोडावे लागतात, त्याला ऊर्जा लागते. पोटॅशियम आलं की कड्यातले सहा ऑक्सिजन त्याला चहूबाजूंनी बिलगतात आणि पाणी सोडल्याचा तोटा भरून निघतो. सोडियम लहान, कडं तेवढं आवळत नाही, शिवाय त्याने पाणी जास्त घट्ट धरलेलं, मग त्याला हा सौदा परवडतच नाही. फरक हजारो पटींचा पडतो. ओळखणं म्हणतात ते हे, भोकाच्या मापाचा इथे संबंधच नाही.

पोटॅशियम पडद्याच्या पृष्ठभागात शिरलं की व्होल्टेज बदलतं, प्रमाण दहापट झालं तर साधारण 59 मिलिव्होल्ट, मशीन तेवढंच वाचतं. आपल्या पेशींतल्या पोटॅशियम चॅनलमधेही, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या पोटॅशियमच्या वाटेतही, पाण्याच्या जागी ऑक्सिजनच उभे असतात, शास्त्रज्ञ रॉडरिक मॅकिनन यांनी 1998 साली त्याची रचना दाखवली आणि 2003 मधे त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एकदा बाबांचा रिपोर्ट एकदम 6.8 आला, आम्ही हादरलोच. डॉक्टरांनी लगेच परत रक्त घ्यायला लावलं तर 4.9. पहिल्यांदा रक्त काढताना लाल पेशी फुटल्या होत्या, आणि पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, ते सगळं नमुन्यात उतरलं. पडद्याने समोर आलेलं बरोबरच मोजलं होतं, ते पेशीतून सांडलंय हे त्याला कळायचा काही मार्ग नव्हता.