वडिलांची १९८१ ची सोलापूरची बी.ए. पदवी, तरी प्रमाणपत्रावर शिवाजी विद्यापीठ कसे? दुय्यम प्रत कुठून मिळेल?

दुय्यम प्रत कोल्हापुरातूनच मिळेल, कारण १९८१ साली सोलापुरातली सगळी कला महाविद्यालयं शिवाजी विद्यापीठाला संलग्न होती. मी कॉलेजच्या कार्यालयात काम करतो, असे अर्ज कायम हाताखालून जातात. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं. त्यामुळे केगावला, म्हणजे त्या विद्यापीठात, खेटे घालून उपयोग नाही. दयानंद कॉलेज १९४० चं, म्हणजे आधी मुंबई विद्यापीठाखाली, १९४९ पासून पुणे आणि १९६२ नंतर कोल्हापूर. एकाच इमारतीतून बी.ए. झालेल्या आजोबा, वडील आणि नातवाच्या पदव्यांवर वेगवेगळी विद्यापीठं दिसतात, ती यामुळेच. अर्जात शाखा 'कला' लिहा. 'मानव्यविज्ञान विद्याशाखा' ही आजची रचना २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानंतरची. कला, सामाजिक शास्त्रं, विधी हे सगळं त्यात एकत्र आलं. सोबत शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका जोडा, बैठक क्रमांक असला की जुनी नोंद पटकन सापडते. फक्त २००४ च्या आसपास शिकलेल्यांनी सरसकट हा नियम लावू नये. त्यांनी गुणपत्रिकेवर ज्या विद्यापीठाचं नाव छापलंय तिथेच अर्ज करावा.