लिस्बनमध्ये 'वोसे' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: लिस्बन आणि पोर्तोचा प्रवास ठरला आहे, ॲपवरून पोर्तुगीज शिकणं चालू आहे, पण त्यातले उच्चार ब्राझीलचे आहेत. ते पोर्तुगालमध्ये चालतील का, आणि तिथली 'स्लँग' कोणती शिकावी?

चालतील. ब्राझीलच्या मालिका पोर्तुगालच्या टीव्हीवर १९७७ पासून दिसत आल्या आहेत, त्यामुळे तुमचं बोलणं तिथल्या माणसाला सहज कळेल. अडचण उलट बाजूने येते. त्याचं उत्तर तुम्हाला कळणार नाही, कारण पोर्तुगालमध्ये आघात नसलेले स्वर गिळून टाकतात. 'शुभ दुपार'साठी ब्राझीलमध्ये 'बोआ तार्जी' म्हणतात, तेच लिस्बनमध्ये 'बोअ तार्द' होतं आणि शेवटचा स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही. 'माफ करा'साठीचा शब्द लिहिताना 'देस-कुल-पे' असा तीन तुकड्यांचा असतो, कानावर मात्र 'द्श्कुल्प' एवढाच पडतो. शब्दाच्या शेवटचा 'स' तिथे 'श' होतो. म्हणून निघण्याआधी निदान आठवडाभर पोर्तुगालच्या आकाशवाणीच्या बातम्या कानावरून जाऊ द्या. नवे शब्द पाठ करण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

मराठी माणसाला एक सोय आहे. पोर्तुगीज त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. 'ओब्रिगादु'मधला द मराठी द म्हणूनच म्हणा, इंग्रजी ड नको. पुरुष 'ओब्रिगादु' म्हणतो, बाई 'ओब्रिगादा'. हे बोलणाऱ्याच्या लिंगावर ठरतं, समोरच्याच्या नाही. मात्र पावाच्या बाबतीत जपा. आपला 'पाव' तिथूनच आला, पण येताना त्याचा अनुनासिक गळाला. मूळ उच्चार नाकातून, 'पांव'सारखा. नाक न लावता म्हटलं तर 'काठी' असा अर्थ होतो, आणि त्या शब्दाला एक अश्लील अर्थही आहे.

आता 'वोसे'. ब्राझीलच्या बऱ्याच भागांत हे रोजचं 'तुम्ही' आहे. पोर्तुगालमध्ये मात्र अनोळखी माणसाला, विशेषतः वयस्कराला, तोंडावर 'वोसे' म्हटलेलं अनेकांना खटकतं. ते 'तू'ही नाही आणि धड आदराचंही नाही. मग म्हणायचं काय? सर्वनामच गाळायचं आणि क्रियापद तृतीय पुरुषात ठेवायचं. फारच आदर दाखवायचा असेल तर 'उ सन्योर' किंवा 'अ सन्योरा', म्हणजे साहेब, बाईसाहेब. 'तू' हे सर्वनाम तिथेही 'तू'च आहे, पण ते मित्रांसाठी आणि मुलांसाठी. समोरच्याने सुरू केल्याशिवाय वापरू नका.

हॉटेलात काही मागताना 'मला हवं आहे' असं वर्तमानकाळात सांगू नका. 'क्रिया' म्हणा, म्हणजे शब्दशः 'मला हवं होतं'. 'क्रिया उं कफे, स् फाश फवोर' एवढ्यात कॉफी मिळते. एखादा मिस्कील वेटर 'हवी होती? आता नको का?' असं विचारेल. हा तिथला जुना विनोद आहे, रागावू नका. 'स् फाश फवोर' म्हणजे कृपया. वेटरला हाक मारायलाही तेच चालतं. बिलासाठी 'क्रिया पगार' म्हणा. 'पगार' म्हणजे पैसे देणे. आपल्याकडे तो घेतात, एवढाच फरक. न मागता टेबलावर आलेले पाव, ऑलिव्ह, चीज हे फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा. न मागितलेल्या, न खाल्लेल्या पदार्थाचे पैसे त्यांना लावता येत नाहीत.

एस्प्रेसोला लिस्बनमध्ये 'बीका' म्हणतात, तर पोर्तोत 'सिंबालीनु' (हे नाव कॉफीच्या यंत्रावरून पडलं). नुसतं 'कफे' दोन्हीकडे चालतं. नळाच्या बिअरचा छोटा ग्लास लिस्बनला 'इंपिरियाल' आणि पोर्तोत 'फीनु'.

शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढ्याने भागत नाही. मासा मांसात धरत नाहीत, आणि हॅमही पुष्कळदा 'मांस' वाटत नाही. 'नांव कोमु कार्न, नें पैश' म्हणजे 'मी मांस खात नाही आणि मासेही नाही', हे पूर्ण वाक्य पाठ करा. वर 'सें शोरीसु' जोडा, म्हणजे सॉसेजशिवाय. 'काल्दु वेर्द' हे हिरव्या पालेभाजीचं सूप दिसायला निरुपद्रवी असतं, पण त्यात सहसा सॉसेजची चकती तरंगते.

काही शब्द देशागणिक बदलतात. रेल्वे म्हणजे 'कोंबोयु', बस म्हणजे 'औतुकार्रु', स्वच्छतागृह म्हणजे 'काज द बान्यु'. ब्राझीलमध्ये या तिन्हींना दुसरे शब्द आहेत. 'रपरीगा' म्हणजे पोर्तुगालमध्ये साधी मुलगी, पण ब्राझीलच्या ईशान्येत ती शिवी ठरते. पुढे कधी ब्राझीलला जाल तेव्हा हा शब्द लिस्बनमध्येच सोडून जा.

स्लँगचं म्हणाल तर ऐकायला शिका, बोलायची घाई नको. 'फिश' म्हणजे भारी, मस्त. इंग्रजी माशाशी त्याचा काही संबंध नाही. ब्राझीलमध्ये त्याच जागी 'लेगाल' म्हणतात. 'ब्वे' म्हणजे 'खूप'. तो अंगोलातल्या किंबुंदु भाषेतून आला, आणि २००१ मध्ये लिस्बनच्या विज्ञान अकादमीच्या शब्दकोशात गेला तेव्हा बरीच चर्चा झाली. 'बोरा' म्हणजे चला. 'पा' हा वाक्यात कुठेही डोकावतो, साधारण आपल्या 'अरे'सारखा. परक्या पाहुण्याच्या तोंडी तो नाटकी वाटतो. मात्र एक शब्द जरूर उचला: 'पोय्श'. समोरचा बोलत असताना मधूनमधून म्हणायचा 'हं, बरोबर'. फोन उचलल्यावर 'श्तो?' ऐकू येईल, म्हणजे 'मी आहे, बोला'.

पाट्यांवर दोन फसव्या गोष्टी आहेत. दारावर 'पुश' असा उच्चार होणारा शब्द लिहिलेला असेल तर दार ओढायचं आहे. ढकलायचं असेल तिथे 'एंपूर्र' असतं. आणि वेळापत्रकात २ या आकड्यापुढे वर बारीक 'अ' दिसला तर तो मंगळवार नव्हे. पोर्तुगीज आठवडा रविवारपासून मोजतो, म्हणून 'सगुंदा फैरा', म्हणजे दुसरा, हा सोमवार. बरीच संग्रहालयं त्याच दिवशी बंद असतात.