आयटीतल्या नोकरीत समाधान कशानं मिळतं: पगार, सोयी की वातावरण?
आधी पॅकेज नाही, हातात किती येतं ते बघा. सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चात, कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम), व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग) सगळं धरलेलं असतं. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी साधारण 5 वर्षं भरल्यावरच मिळते. व्हेरिएबलचा वाटा मोठा असेल तर गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती टक्के दिला, हे एचआरला सरळ विचारा.

सोयींपैकी मला एकच खरी मोलाची वाटते, आईवडिलांना धरून आरोग्य विमा. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी ते कळलं. फुकट कॉफीचं कौतुक चार दिवसांचं.

पण माणूस टिकतो तो मॅनेजरमुळे. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी जास्त पगारावर गेलो आणि दीड वर्षात सोडली. रात्री साडेदहाला अमेरिकेचा कॉल, सकाळी नऊला पुन्हा स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग), वर वाहतूक कोंडी. मुलीशी धड बोलणंही होत नव्हतं. आता पगार थोडा कमी आहे, पण रात्री प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरत असलेली सिस्टीम, बिघडलं तर ‘उद्या दुपारी ये’ असं साहेब स्वतःहून सांगतात, आणि चर्चा चूक कुणाची यावर न होता काय बिघडलं यावर होते. ऑफर स्वीकारण्याआधी त्याच टीममधल्या कुणाशी तरी दहा मिनिटं बोलायला मिळेल का, हे जरूर विचारा.