रुग्णालयातला स्टाफ फ्लूची लस घ्यायला तयार होत नाही, त्यांना कसं समजवावं?

तुम्ही लिहिलंय की ५० खाटांच्या रुग्णालयात तुम्ही सिस्टर इन्चार्ज आहात, व्यवस्थापनाने लस मोफत मागवली, नोटीसही लावली, आणि आठवड्याभरात जेमतेम सात जण आले. मी ११ वर्षं इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर म्हणून काम करते. आमच्याकडे पहिल्या वर्षी अगदी हेच झालं होतं.

तेव्हा आमची लस दुसऱ्या मजल्यावरच्या इंजेक्शन रूममध्ये, सकाळी अकरा ते एक मिळायची. त्या वेळी वॉर्डात राउंड चालू, डिस्चार्जची घाई, आणि नाइटची मंडळी घरी झोपलेली. लोक नकोच म्हणतायत असं आम्ही धरून चाललो होतो, पण निम्म्या लोकांना कुणी तोंडाने विचारलंच नव्हतं. पुढच्या वर्षी मी व्हॅक्सिन कॅरियर (लस थंड ठेवायची पेटी) घेऊन रात्रीच्या हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना, वॉर्डावॉर्डात जायला लागले. (आइस पॅक फ्रीझरमधून काढून लगेच भरू नका. हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे. ही लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते, गोठली की वाया गेली.) एवढ्यानेच खूप फरक पडला.

तरी आमच्या सफाईच्या एक मावशी काही केल्या हात पुढे करेनात. सुईची भीती असेल म्हणून मी त्यांना समजावत बसले. शेवटी त्या म्हणाल्या, "सिस्टर, उद्या हात दुखला, ताप आला, तर माझा खाडा लागंल. त्याचे पैसे तुम्ही देनार का?" त्या कंत्राटी होत्या. मला उत्तर देता आलं नाही. मी मेट्रनबाईंकडे गेले, त्यांनी कंत्राटदाराशी बोलून लसीनंतरच्या एका दिवसाचा खाडा न लावण्याचं कबूल करून घेतलं, आणि मावशींना साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी लस दिली. त्यानंतर त्यांच्या गटातल्या बाकीच्या बायका आपणहून आल्या. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी विचारा आणि ऐकून घ्या. प्रत्येकाच्या नकारामागे वेगळं कारण असतं, आणि सगळीच कारणं अज्ञानातून येत नाहीत.

"लसीनेच फ्लू होतो" हे तुम्हाला हमखास ऐकू येईल. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखतो, एखाद्या दिवसाची कणकण येते, हे मात्र लपवू नका. "घेतली तरी सर्दी झाली" हेही खरंच असतं, कारण सर्दीचे इतर कितीतरी विषाणू आहेत आणि ही लस फक्त इन्फ्लुएंझाची. शिवाय ती शंभर टक्के नाही. विषाणूशी चांगली जुळली त्या वर्षी साधारण ४० ते ६० टक्के संरक्षण देते. हा आकडा मी दरवर्षी सरळ सांगते. आपल्या लोकांना खोटी खात्री दिली आणि कुणाला फ्लू झाला, तर पुढच्या वर्षी कोण विश्वास ठेवील? गरोदर सिस्टर्सना मी मुद्दाम बाजूला घेऊन बोलते, कारण त्यांना धोका जास्त आणि लस त्यांच्यासाठी सुरक्षित आहे.

मग एवढा आग्रह कशाला? आपल्याला ताप अंगावर काढायची सवय आहे. ड्युटी चार्टवर बदली माणूस नसतो, म्हणून क्रोसिन घेऊन आपण उभे राहतो. पण फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून विषाणू पसरवत असतो. आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळाभोवती असतात ती आपलीच माणसं, आणि त्याला जवळ घेणारे हातही आपलेच. मी हे सांगते तेव्हा वॉर्ड शांत होतो.

२००९ साली मी पुण्यात नर्सिंग शिकत होते. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळकरी मुलीचा. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा आणि दुकानांतून संपलेले मास्क मी पाहिलेत. तुमच्याकडच्या जुन्या सिस्टर्सनाही ते आठवत असेल, त्यांना बोलू द्या. त्यांचं ऐकतात.

सक्ती करावी का, असंही तुम्ही विचारलंय. अमेरिकेत सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये लस नोकरीची अटच केली आणि प्रमाण ९७ टक्क्यांच्या वर गेलं. पण परिचारिकांच्या संघटनेने हरकत घेतली, प्रकरण लवादाकडे गेलं आणि तिच्या सदस्यांना सूट मिळाली. माझं मत विचाराल तर, जिथे आजारपणाची रजा मागताना माणूस घाबरतो तिथे सक्तीची भाषा शोभत नाही. आधी तापाची रजा बिनबोभाट द्या.

आता वेळेचं. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, आणि लसीचा परिणाम यायला दोन आठवडे लागतात. म्हणून एप्रिल-मेमध्येच उरका. खोक्यावर वर्ष तपासा, गेल्या हंगामातला उरलेला साठा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. डॉक्टरांना सर्वांत आधी टोचा, वॉर्डात, सगळ्यांसमोर. आमच्या मेडिसिनच्या सरांनी बाही वर केली त्या दिवशी मागे रांग लागली होती.