अमेरिकेचा नकार दडवला, आता कॅनडाचं पत्र आलंय

प्रश्न: आम्ही दोघं बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मी शाळेतून निवृत्त झालो. मुलगा कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो, त्याला पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळाला आहे. सुनेला सातवा महिना आहे. बाळंतपणाला हाताशी कोणी हवं म्हणून एका एजंटामार्फत सुपर व्हिसासाठी, म्हणजे आईवडिलांना तिथे बराच काळ राहता येईल अशा भेटीच्या व्हिसासाठी, अर्ज केला. २०१७ साली मुंबईत आम्हा दोघांना अमेरिकेचा व्हिसा नाकारला होता. ते अर्जात लिहायचं का, असं मी एजंटाला व्हॉट्सॲपवर विचारलं. त्याने व्हॉइस मेसेज पाठवला, "साहेब, रहेवा दो, केस बगडी जशे" (राहू द्या, केस बिघडेल). आता कॅनडाने पत्र पाठवलंय: तुम्ही ही माहिती दडवली, दहा दिवसांत खुलासा करा, पाच वर्षांची बंदी येऊ शकते. पत्र एजंटाच्या ईमेलवर आलं आणि त्याने ते चार दिवसांनी मला पाठवलं. "हा प्रश्न फक्त कॅनडाबद्दल आहे असं आम्हाला वाटलं" असा खुलासा त्याने टाइप करून दिलाय. सही करू का?

उत्तर: सही करू नका.

एजंटाने लिहिलेलं कारण खरं नाही आणि ते टिकणारंही नाही. अर्जातला प्रश्न विचारतो, की कॅनडाने किंवा इतर कोणत्याही देशाने तुम्हाला कधी व्हिसा नाकारला आहे का. "इतर कोणत्याही देशाने" हे त्या वाक्यातच आहे. शिवाय तुम्ही एजंटाला नेमकी अमेरिकेचीच शंका विचारली होती. म्हणजे प्रश्न तुम्हाला कळला होता. पहिल्या असत्यावर खुलासा मागितला असताना दुसरं असत्य सही करून पाठवलंत, तर आगीतून फुफाट्यात जाल.

कॅनडाला हे कळलं कसं, असं पुष्कळ लोक मला विचारतात. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात व्हिसाविषयक माहितीच्या देवाणघेवाणीचा करार डिसेंबर २०१२ मध्ये झाला. २०१७ साली मुंबईत तुम्ही दहा बोटांचे ठसे दिलेत, आता कॅनडासाठी पुन्हा दिलेत. ठसे जुळले की जुना नकार समोर येतो. "त्यांना कुठे कळतंय" हा सल्ला आजही सर्रास दिला जातो, आणि तुमच्यासारखी सरळ माणसं त्याला बळी पडतात, याचा मला फार राग येतो.

वाईट याचं वाटतं, की अमेरिकेचा तो नकार मुळात फारसा घातक नव्हता. अमेरिकी कायद्याच्या कलम २१४(बी)खाली भेटीचा व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस तिथे कायमचा राहायला येतोय असं धरूनच चालतात. तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं असतं. नाकारला म्हणजे गुन्हा केला असं नव्हे. तुमच्या नकारपत्रात हेच कलम असेल, पण ते काढून बघा. अर्जात "हो" लिहून दोन ओळींत हकीकत दिली असती, तर कॅनडाच्या अधिकाऱ्याने ती इतर कागदांबरोबर विचारात घेतली असती, इतकंच.

आता कायदा बघू. कॅनडाच्या इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन ॲक्टचं कलम ४० सांगतं, की महत्त्वाची माहिती चुकीची दिली किंवा दडवली, आणि त्यामुळे निर्णय चुकण्याची शक्यता होती, तर तो माणूस पाच वर्षं प्रवेशासाठी अपात्र ठरतो. निर्णय प्रत्यक्षात चुकलाच पाहिजे असं नाही. हे तुम्ही स्वतः केलं की तुमच्या वतीने दुसऱ्याने, यानेही फरक पडत नाही. एजंटाने भरलेला अर्ज तुमचाच धरला जातो. "वाचलं नव्हतं, शेवटी नाव टाइप करा म्हणाला म्हणून केलं" हा बचाव तिथे चालत नाही. या पाच वर्षांत पीआरसाठीही अर्ज करता येत नाही, म्हणजे पुढे मुलाने तुम्हाला स्पॉन्सर करायचं ठरवलं तरी दार बंद.

माहिती दडवतोय हे ज्याला प्रामाणिकपणे आणि वाजवी कारणाने ठाऊकच नव्हतं, अशा माणसासाठी तिथल्या न्यायालयांनी एक अपवाद मानला आहे. तो फार अरुंद आहे. तुम्ही त्यात बसत नाही, आणि बसवण्याचा प्रयत्नही करू नका.

मग लिहायचं काय? जे घडलं ते, तुमच्या शब्दांत. साधारण असं: "२०१७ साली मुंबईत आमचा अमेरिकेचा भेटीचा व्हिसा नाकारला गेला. अर्जात 'नाही' असं उत्तर गेलं, ते चुकीचं आहे. मी पैसे देऊन नेमलेल्या सल्लागाराला याबद्दल विचारलं होतं. त्याने लिहू नका असं सांगितलं आणि मी ते मानलं. मानायला नको होतं. खरं उत्तर आणि त्या नकाराचे कागद सोबत देत आहे." त्यापुढे घर, पेन्शन, इथली नातीगोती, परत येण्याची कारणं, आणि आधी कुठे परदेशी जाऊन मुदतीत परतला असाल तर त्याची नोंद.

तो व्हॉइस मेसेज जोडायचा का, हा खरा अवघड प्रश्न आहे. त्याला दोन धारा आहेत. तुम्ही सांगायला तयार होता हे त्यातून दिसतं. पण तुम्हाला सगळं माहीत होतं हेही त्यातूनच सिद्ध होतं. माझं मत जोडावा असं आहे. माहीत नव्हतं असं तुम्ही म्हणूच शकत नाही, मग लपवून काय वाचणार? आणि मेसेजशिवाय नुसतं एजंटाकडे बोट दाखवलं, तर प्रत्येक अर्जदार दाखवतो तसंच ते दिसेल. गुजराती मेसेजचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत लागेल.

तुमच्या पत्नीचा खुलासा वेगळा हवा. अर्ज दोन आहेत, निर्णयही दोन होतील. एजंटाशी सगळं बोलणं तुम्हीच केलं असेल आणि त्यांना त्या प्रश्नाची कल्पनाच नसेल, तर त्यांची बाजू तुमच्यापेक्षा बरी आहे. तुमच्याच मजकुराची नक्कल त्यांच्या नावाने पाठवलीत तर त्यांचं नुकसान होईल.

हे सगळं करण्याआधी, म्हणजे आजच, एजंटाकडून अर्जाची पूर्ण प्रत, जोडलेले सगळे कागद आणि लॉगिन-पासवर्ड घ्या. मूळ ईमेलही मागा. मुदत पत्राच्या तारखेपासून धरा, तुम्हाला व्हॉट्सॲपवर आलं त्या दिवसापासून नाही. दिवस अपुरे पडत असतील तर मुदत संपायच्या आत कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाच्या वेबसाइटवरच्या फॉर्मवरून वाढ मागा, पण ती मिळालीच असं समजून थांबू नका. प्रतीत बँकेचं स्टेटमेंट एकदा पासबुकाशी ताडून बघा. ज्याने एक उत्तर बदललं त्याने शिल्लक फुगवली नसेलच असं मी धरून चालणार नाही. तसं काही सापडलं तर तेही याच खुलाशात सांगायचं. अर्ज मागे घेऊन नवा करू, असं कोणी सुचवेल. त्याने आधीचं उत्तर पुसलं जात नाही.

एक गोष्ट माझ्याबद्दल. मी बडोद्यात वकिली करतो. फी घेऊन कॅनडाच्या विभागापुढे तुमची बाजू मांडायचा अधिकार मला नाही, आणि तुमच्या एजंटालाही बहुधा नाही. तो अधिकार तिथल्या प्रांतांच्या लॉ सोसायटीच्या (वकिलांच्या संस्थेच्या) सदस्यांना, क्वेबेकच्या नोटरींना आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या परवानाधारकांना आहे. हे कॉलेज म्हणजे इमिग्रेशन सल्लागारांना परवाना देणारी संस्था; तिची यादी वेबसाइटवर खुली आहे. एजंटाचं नाव तिथे शोधा. मुलाला ब्रॅम्प्टनमध्येच एखादा वकील आज गाठायला सांगा. नाहीच जमलं तर स्वतः लिहा, मुलगा मोफत मदत करू शकतो.

या खुलाशाने व्हिसा मिळेल अशी आशा मी दाखवणार नाही. माहिती दडवल्याचा शिक्का टाळणं हे आत्ताचं काम आहे. अधिकाऱ्याने साध्या कारणाने अर्ज नाकारला तर बंदी येत नाही, खरी उत्तरं देऊन पुन्हा अर्ज करता येतो. बंदी आलीच तर साठ दिवसांत तिथल्या फेडरल कोर्टात परवानगी मागून दाद मागता येते. कोर्ट व्हिसा देत नाही. निर्णय चुकीचा ठरला तर प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जातं. मुलाच्या पीआरला यामुळे धक्का लागत नाही, त्याने स्वतः दिलेली कागदपत्रं खरी असतील तर.

एजंटाचा हिशोब नंतर. फी दिल्याच्या पावत्या आणि चॅट जपून ठेवा, फोन बदलू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बडोद्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रारीची फी नाही. "यांना सगळं माहीत होतं" असं तो म्हणेल. पण मुदतीचं पत्र चार दिवस दाबून ठेवलं याला त्याच्याकडे काय उत्तर आहे? बनावट स्टेटमेंट निघालं तर मात्र थेट पोलिसांत, भारतीय न्याय संहितेच्या बनावट दस्तऐवजांच्या कलमांखाली.

आणि बाळंतपण तर थांबणार नाही. सुनेची आई जाऊ शकत असेल तर त्यांचा अर्ज लगेच, वेगळा भरा. तुमच्या प्रकरणाचा त्यांच्यावर भार नाही. त्यांचा स्वतःचा कुठला जुना नकार असेल तर तो मात्र अर्जात आला पाहिजे.