बटणांचा हिशेब विचारलात, घराचा राहूनच गेला

पत्र थोडक्यात असं: वडिलांचं ऐंशी वर्षांचं घर, जाड दगडी भिंती, वायरिंग जुनं. भिंती न फोडता दिव्यांसाठी बिनवायरची, बिनबॅटरीची अठरा बटणं बसवायची. खर्च दीड महिन्याच्या पगाराइतका. विक्रेता म्हणतो, वीजबिल तीस टक्क्यांनी उतरेल, तीन वर्षांत पैसे वसूल. ‘घेऊ का?’ हा प्रश्न. आणि शेवटी, जाता जाता, एक ओळ: घर अजून वडिलांच्याच नावावर आहे, आम्ही चार भावंडं, पण राहते मीच, म्हणून छप्पर, फरशी, न्हाणीघर माझ्या निवृत्तीच्या पैशांतून केलं, एकूण चौदा महिन्यांचा पगार गेला.

ताई, आधी बटणं उरकू.

बिल उतरणार नाही. बटण दाबलं की आतलं चुंबक वेटोळ्याजवळून सरकतं, त्यातून क्षणभर वीज तयार होते आणि तेवढ्यावर रेडिओचा संदेश जातो. १८३१ साली फॅरेडेने दाखवलं तेच तत्त्व. छान युक्ती आहे. पण दिवा पूर्वी खायचा तेवढीच वीज आताही खाणार. वर प्रत्येक दिव्यापाशी बसणारा, हा संदेश घेऊन दिवा लावणारा रिसीव्हर चोवीस तास जागा. त्याला अर्धा वॉट धरा: अठरांचे नऊ वॉट, वर्षाला साधारण ऐंशी युनिट. म्हणजे एक एलईडी दिवा वर्षभर अहोरात्र जळत ठेवायचा. बिलात दिव्यांचा वाटा दहावा हिस्सा असेल, तर अंधारात बसलात तरी तीस टक्के वाचत नाहीत. हा आकडा कुठून काढला, ते विक्रेत्याला लेखी विचारा. बहुधा पुन्हा फोन येणार नाही.

वाचतं ते गवंडीकाम: खाचा, प्लास्टर, रंग. म्हणून तुलना बिलाशी नको, भिंत फोडण्याच्या खर्चाशी करा. आणि भिंतीवरून केसिंगपट्टीतून वायर नेण्याशीही. ती दिसायला साधी, पण बरीच स्वस्त पडते. दगडी भिंतीत रेडिओचा पल्ला घटतो, तेव्हा आधी एकच जोडी आणून सर्वांत लांबच्या खोलीतून दाबून पाहा. बटण आणि रिसीव्हर अशा उपकरणांच्या आयएसओ/आयईसी १४५४३-३-१० या आंतरराष्ट्रीय मानकाचे आहेत का, तेही विचारा. नसतील तर दुसऱ्या कंपनीचा भाग त्यांना जुळेलच असं नाही; कंपनी बंद पडल्यावर एक रिसीव्हर गेला की त्याचं बटणही शोभेचं.

‘नवीन वायरिंगची गरजच नाही’ हे विक्रेत्याचं म्हणणं मात्र धादांत खोटं. बटणापर्यंत उतरणारी वायर तेवढी सुटते. मुख्य बोर्डापासून दिव्यापर्यंतची जुनी वायर तीच राहते, विजेचा भार तीच वाहते. पंप लागला की दिवे मंदावतात आणि बोर्ड कोमट लागतो, असं तुम्हीच लिहिलंय! इलेक्ट्रिशियनकडून मेगर (वायरचं आवरण तपासायचं यंत्र) लावून इन्सुलेशन तपासा, अर्थिंग पाहा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. बटणांचा विचार त्यानंतर.

आता तुम्ही न विचारलेलं.

चार समान वारस धरले तर तुम्ही घातलेल्या चौदा पगारांतले साडेदहा इतर तिघांच्या मालमत्तेत गेले. ‘तूच राहा, तूच घे’ असं तिघं म्हणतात, ते मनापासूनच म्हणत असतील. पण सही करणार ते तिघं, किंवा उद्या त्यांची मुलं. आणि मुलांनी तुम्हाला कसलाच शब्द दिलेला नाही.

तुमच्याकडे उरलेत चाळीस पगार, निवृत्तीला सहा वर्षं, निवृत्तिवेतन नाही. वर्षाला आठ टक्के वाढ धरली तर चाळीसचे साधारण साडेत्रेसष्ट होतील. दरमहा पगाराचा दहावा भाग टाकता, त्याचे आणखी नऊ. एकूण साधारण त्र्याहत्तर. खर्च पगाराच्या साठ टक्के, आणि निवृत्तीनंतरचं व्याज महागाईतच जाईल असं मानलं, तर हे पैसे दहा वर्षं पुरतात. तुमच्या आई नव्वदीपर्यंत जगल्या, असं पत्रातच आहे. ते चौदा पगार जागेवर असते तर निवृत्तीच्या दिवशी बावीस झाले असते: आणखी तीन वर्षांचा खर्च. न्हाणीघर सुंदर झालं असेल, पण त्यातून महिन्याचा किराणा येत नाही.

तेव्हा या घरात आता तुमच्या निधीतला एक पैसाही नको. वारसनोंद करून घ्या. आजवरच्या खर्चाची यादी पावत्यांसह करा, त्यावर तिघांच्या सह्या घ्या. मग वकिलाकडून दोनपैकी एक कागद: त्यांनी हक्क सोडला असा, किंवा घर विकलं तर हा खर्च आधी तुम्हाला मिळेल असा. जो होईल तो नोंदवून घ्या. विषय काढायला संकोच वाटत असेल, तर वायरिंगपासून सुरुवात करा. ते चौघांच्या घराचं आहे, चौघांनी खर्च उचलावा. कोण किती सहज हो म्हणतं, त्यावरून पुढचं कळेल.

बटणं अठरा नको, चार घ्या. आईच्या जुन्या खोलीत आणि जिन्यात, जिथे अंधारात चाचपडता तिथे. दुहेरी चिकटपट्टीवर लावा. कधी घर सोडावं लागलंच, तर आजवरच्या खर्चातली तेवढीच वस्तू काढून सोबत नेता येईल.