स्टेशनरी हलते की उभी राहते?

प्रश्न: लालबागला माझं वह्या-पेनांचं छोटं दुकान आहे. गणपतीच्या आधी नवा बोर्ड करून घेतला, पेंटरला स्पेलिंग मीच कागदावर लिहून दिलं होतं. बोर्ड लागला आणि दुसऱ्याच दिवशी झेरॉक्सला आलेली सातवीतली एक मुलगी म्हणते, काका तुमच्या स्टेशनरीत ए आहे, तिथे ई पाहिजे. मी म्हटलं, बाळा दोन्ही चालतं. चालतं ना हो?

उत्तर: नाही चालत काका, पोरगी बरोबर आहे, तिला एक खोडरबर फुकट द्या. शेवटी ए-आर-वाय असेल तर अर्थ होतो जागच्या जागी उभं असलेलं, म्हणजे हिंदमाताला पाणी भरलं की टॅक्सी असते तसं. तुमचा माल तो ई-आर-वायवाला. उच्चार दोन्हीचा सेमच, त्यामुळे कानावर भरवसा ठेवला की फसलो.

पण गंमत म्हणजे हे दोन्ही शब्द चुलत भाऊच आहेत. मध्ययुगात युरोपात बरेच विक्रेते गावोगाव फिरून माल विकायचे, आणि युनिव्हर्सिटीजवळ पुस्तकं विकणारे मात्र एकाच जागी दुकान मांडून बसायचे, आपल्याकडे फेरीवाला आणि गाळेवाला असतो ना, तसंच. त्या गाळेवाल्याला लॅटिनमध्ये म्हणायचे स्टेशनारियस, इंग्रजीत त्याचा झाला स्टेशनर, आणि स्टेशनर विकतो ती स्टेशनरी. स्टेशनरच्या शेवटी ई-आर आहेच, पुढे फक्त वाय लावायचा. बोर्डावरचं एकच अक्षर बदलायचंय, पेंटर त्याचे वेगळे पैसे मागेल ते तुम्ही बघून घ्या.

प्रश्न: मी बोरिवलीच्या एका सोसायटीची सेक्रेटरी. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या नोटीसमध्ये वेस्टचं स्पेलिंग डब्ल्यू-ए-आय-एस-टी केलं, ग्रुपवर दिवसभर हसणारे इमोजी. नेमकं काय झालं?

उत्तर: ताई, तुम्ही लोकांना ओली कंबर आणि सुकी कंबर वेगळी ठेवायला सांगितलीत! कचऱ्याचं स्पेलिंग डब्ल्यू-ए-एस-टी-ई. आता यात तुमचा एकटीचा दोष नाही, आपल्या मराठी जिभेवर पश्चिम दिशा, बनियान, कचरा आणि कंबर हे चारही वेस्टच असतात. इंग्रजांच्या कानाला त्यातले दोनच सारखे, कचरा आणि कंबर, आणि तिथे ते वेइस्ट असं जरा ताणतात. बोरिवली वेस्टमधला ए आखूड. बनियानाला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, म्हणून तर आपण व्हॅन, व्होट असं व्ह लावून लिहितो, बाकी तिघांना ओठांचा चंबू, दात लावायचे नाहीत. आरशासमोर दोनदा करून बघा, घरचे हसले तर हसू देत.

लक्षात ठेवायला सोपं: कंबरेच्या पाच अक्षरांत बरोब्बर मधोमध आय उभा आहे, बारीक, कंबर असावी तसा. माझी राहिली नाही ती गोष्ट वेगळी.

प्रश्न: रजेच्या अर्जात प्रिन्सिपलच्या शेवटी ए-एल की एल-ई?

उत्तर: शाळेच्या प्रिन्सिपलना ए-एल, एल-ई म्हणजे तत्त्व. आणि होम लोनच्या स्टेटमेंटमध्ये मुद्दलाला जो शब्द असतो तोही ए-एलवालाच, दर महिन्याला हप्ता कापला की दिसतोच.